सूचना मालकाला दिली होती

विदर्भात कापसावर जे फवारतात त्याला कोणी कीटकनाशक म्हणत नाही. औषध म्हणतात. 'औषध मारायचं आहे', 'औषध आणायला गेलो होतो', आणि वाईट बातमी सांगायची वेळ आली की 'त्यानं औषध घेतलं'. तिन्ही वाक्यांत शब्द एकच, तरी ऐकणाऱ्याचा कधी घोटाळा होत नाही. कृषी केंद्राचा मालक त्यामुळे आपसूकच डॉक्टर होऊन बसतो. पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, पान घेऊन जायचं, तो ते उलटसुलट करून बघतो, मागच्या फळीवरून दोन बाटल्या काढतो आणि एका पंपाला किती झाकणं टाकायची ते सांगतो.

बाटलीसोबत घडी घातलेला एक कागद येतो. मागे गावी गेलो होतो तेव्हा चुलतभावाच्या ओट्यावर बसून मी तो उलगडला. घडीवर घडी, अनेक भाषा, आणि मराठी मजकुराचं अक्षर इतकं बारीक की मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचावं लागलं. रबरी हातमोजे घाला, चष्मा लावा, नाकातोंडावर मुखवटा बांधा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पायात बूट घाला. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला फवारू नका. भावाला विचारलं, हातमोजे आहेत का घरात? तो हसला. "हातमोजे घालून झाकण कसं उघडू? अन् या उन्हात ते घालून पाह्य बरं एकदा." दुपारी फवारायला आलेला मजूर अनवाणी होता, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. त्याने तो कागद पाहिलेलाच नव्हता. बाटली त्याने थोडीच विकत घेतली होती? कागद माझ्या भावाच्या ओट्यावर राहिला आणि पंप मजुराच्या पाठीवर गेला.

बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या जबाबदारीची चर्चा जिनिव्हात, पॅरिसात, ब्रसेल्समध्ये चालते. तिची भाषा जड, दस्तऐवज लांबलचक. मला मात्र हा सगळा प्रश्न ओटा आणि पाठ यांच्यातल्या त्या दोनशे पावलांच्या अंतरात दिसतो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते महाराष्ट्राला आठवत असेल. फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, सुमारे ८०० जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एकामागून एक माणसं येत होती. कोणाच्या डोळ्यांपुढे अंधार, कोणाला उलट्या, कोणी बेशुद्ध. त्या वर्षी बरंच काही एकत्र जुळून आलं होतं. बीटी बियाण्याला गुलाबी बोंडअळी दाद देईनाशी झाली होती, म्हणून फवारण्या वाढल्या. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, त्यामुळे फवारा वर, तोंडाच्या उंचीवर मारावा लागत होता. हवा दमट होती. बॅटरीवर चालणारे स्वस्त पंप आले होते आणि त्यांचे तुषार हातपंपापेक्षा कितीतरी बारीक. दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळायची रीत होतीच. त्यात फवारणारा बहुतेक वेळा रोजंदारीचा माणूस, सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत एका शेतातून दुसऱ्या शेतात जाणारा.

मृतांच्या कुटुंबांना सरकारने दोन-दोन लाख रुपये दिले. काही औषधांच्या विक्रीवर पाच जिल्ह्यांत ६० दिवसांची बंदी आली. चौकशी पथक नेमलं गेलं. आणि एक निष्कर्ष तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी बसला: लोकांनी औषध चुकीच्या पद्धतीने वापरलं. अडाणीपणा. काळजी घेतली नाही.

मला या 'चुकीच्या वापरा'बद्दलच भांडायचं आहे.

कीटकनाशकांच्या व्यवहारासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८५ मध्ये एक आंतरराष्ट्रीय आचारसंहिता केली. पुढे जागतिक आरोग्य संघटनाही तिच्यात सामील झाली. संहितेच्या आजच्या आवृत्तीत ३.६ क्रमांकाचं एक कलम आहे. त्याचा सरळ अर्थ असा: जे औषध हाताळायला अंगावर अडचणीचे, महागडे किंवा सहज न मिळणारे संरक्षक कपडे लागतात, ते टाळावं; विशेषतः उष्ण प्रदेशातले छोटे शेतकरी आणि शेतमजूर ते वापरणार असतील तर. माझ्या भावाने हे कलम वाचलेलं नाही. पण 'या उन्हात ते घालून पाह्य बरं एकदा' या त्याच्या वाक्यात आणि कलम ३.६ मध्ये मला काही फरक दिसत नाही. म्हणजे यवतमाळचा मजूर हातमोजे घालणार नाही हे जगातल्या तज्ज्ञांना माहीत होतं, त्यांनी ते लिहून ठेवलं होतं, आणि मोठ्या कीटकनाशक कंपन्यांच्या जागतिक संघटनेने ही संहिता आपल्या सदस्यांसाठी स्वीकारलेलीही होती. जी गोष्ट घडणार हे आधीच ठाऊक असतं, तिला अपघाती चूक म्हणता येत नाही. विकणाऱ्याच्या हिशोबात ती धरलेली असायला हवी.

यवतमाळमध्ये अनेक कंपन्यांची अनेक औषधं वापरली गेली होती. त्यांतलं एक 'पोलो', बासेलमध्ये मुख्यालय असलेल्या सिंजेंटा कंपनीचं. त्यातला विषारी घटक डायफेन्थियुरॉन. युरोपीय संघात त्याला २००२ पासून परवानगी नाही, आणि स्वित्झर्लंडने २००९ मध्ये ते आपल्या यादीतून काढलं. तरी 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने आपल्या सरकारकडून मिळवलेल्या कागदपत्रांनुसार २०१७ या एका वर्षात स्वित्झर्लंडमधून सुमारे ७५ टन डायफेन्थियुरॉन भारतात आलं. कंपनीचं म्हणणंही इथेच सांगायला हवं: आपल्या औषधामुळे या विषबाधा झाल्या हे तिने सातत्याने नाकारलं आहे. अनेक औषधं मिसळलेली असताना नेमका दोष कुणाचा हे ठरवणं अवघड आहे, हेही खरं. ते ठरवायलाच तर न्यायासन लागतं.

ते आसन कुठे मिळालं? २०२० च्या सप्टेंबरात यवतमाळच्या ५१ शेतकरी-शेतमजुरांच्या वतीने एक तक्रार बर्नला गेली, स्वित्झर्लंडच्या राजधानीत. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेने बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी १९७६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं केली. ती मानणाऱ्या प्रत्येक देशाला एक 'राष्ट्रीय संपर्क केंद्र' ठेवावं लागतं, आणि तिथे कुणीही तक्रार करू शकतो. भारत ही तत्त्वं मानणाऱ्या देशांत नाही. त्यामुळे दिल्लीत असं केंद्र नाही, मुंबईत नाही, यवतमाळात असण्याचा तर प्रश्नच नाही. म्हणून बर्न. आणि त्या केंद्राचे अधिकार किती? दोन्ही बाजूंना टेबलाशी बसायचं आमंत्रण देणं, बोलणी घडवणं, शेवटी निवेदन काढणं. नुकसानभरपाईचा हुकूम ते देऊ शकत नाही. कंपनीला दोषीही ठरवू शकत नाही. या मध्यस्थीतून भरपाईचा करार निघाला नाही. दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी अशा तिघांनी बासेलच्या दिवाणी न्यायालयाचा वेगळा रस्ताही धरला. पांढरकवड्याकडच्या बाईला नवरा कशाने गेला हे विचारायला ऱ्हाइन नदीकाठी वकील लावावा लागतो, हे लिहितानाही मला विचित्र वाटतं.

स्विस लोकांनी याकडे पाठ फिरवली असं म्हणता येणार नाही. आपल्या कंपन्यांनी परदेशात केलेल्या नुकसानीचा दावा आपल्याच न्यायालयात चालावा, अशी घटनादुरुस्ती २९ नोव्हेंबर २०२० ला तिथे सार्वमताला टाकली होती. ५०.७ टक्के मतदारांनी 'हो' म्हटलं. पण तिथे नुसत्या मतांचं बहुमत पुरत नाही, प्रांतांचंही लागतं, आणि बहुसंख्य प्रांत विरोधात गेले. प्रस्ताव पडला. तरी त्याच सुमारास स्विस सरकारने पाच घातक कीटकनाशकांची निर्यात २०२१ पासून बंद केली. त्यांत डायफेन्थियुरॉन होतं, आणि यवतमाळमध्ये वापरलं गेलेलं प्रोफेनोफॉसही. चांगलं झालं. मात्र ही बंदी स्विस सीमेवर संपते. तोच पदार्थ दुसऱ्या देशात बनवून विकायला ती आडवी येत नाही.

युरोपाकडे डोळे लावून बसलेल्यांनी पुढचंही बघावं. कंपनीने आपल्या संपूर्ण पुरवठा साखळीत माणसांचं आणि निसर्गाचं काय होतं ते तपासावं, असा कायदा युरोपीय संघाने २०२४ मध्ये केला. वर्ष पुरं व्हायच्या आत त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, आणि उद्योगांवर भार पडतो म्हणून त्याला कात्री लावायला सुरुवात झाली. मला याचं आश्चर्य वाटत नाही. तो कायदा युरोपातल्या मतदारांनी निवडलेल्या लोकांनी केला आणि त्यांनीच तो पातळ केला. यवतमाळचं मत त्यात कधी मोजलं जाणारच नव्हतं.

म्हणून मला परक्या दारापेक्षा आपल्या घरातल्या कायद्याची काळजी जास्त वाटते. आणि इथे आपला इतिहास जरा लाजवणारा आहे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर भारत सरकार युनियन कार्बाइडविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेलं, आणि तिथे आपल्याच सरकारने असं मांडलं की इतका मोठा दावा चालवायला भारतीय न्यायालयं समर्थ नाहीत. कंपनीचे वकील उलट भारतीय न्यायव्यवस्थेची स्तुती करत होते! न्यायमूर्ती कीनन यांनी १९८६ मध्ये ती स्तुती मान्य केली आणि दावा भारतात परत पाठवला. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

पण त्याच १९८६ च्या डिसेंबरात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या वायुगळतीच्या खटल्यात, म्हणजे एम. सी. मेहता खटल्यात, जगातल्या कुठल्याही आंतरराष्ट्रीय मानकापेक्षा कडक तत्त्व सांगितलं. धोकादायक धंदा करून नफा कमावणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे. आम्ही सगळी काळजी घेतली होती, ही सबब चालणार नाही. आणि भरपाई उद्योगाच्या ऐपतीच्या प्रमाणात ठरेल; जितका मोठा, तितकी जास्त. न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाचा हा निकाल. हे कुणी बाहेरून शिकवलं नव्हतं.

मग हे तत्त्व कारखान्याच्या भिंतीपाशीच का थांबावं? टाकीतून गळलेला वायू वस्तीत गेला तर जबाबदारी निरपवाद, आणि तेच विष लिटरच्या बाटलीत भरून, बिल फाडून, पाठीवरच्या पंपातून माणसाच्या छातीत गेलं तर जबाबदारी कागद न वाचणाऱ्याची. या भेदाला कुठलंही तर्कशास्त्र नाही. आहे ती फक्त सोय.

आणि ही सोय आपण कायद्यात लिहून ठेवली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या जबाबदारीवर स्वतंत्र प्रकरण आलं तेव्हा ते मोठं पाऊल होतं, यात वाद नाही. पण त्यातलं कलम ८७ वाचा. पुरेसा इशारा दिला नाही या कारणावरून उत्पादकाला कधी जबाबदार धरता येणार नाही, त्याची यादी तिथे आहे. त्यात पहिलीच अट अशी: वस्तू एखाद्या मालकाने कामाच्या ठिकाणी वापरण्यासाठी विकत घेतली असेल आणि उत्पादकाने त्या मालकाला इशारा किंवा सूचना दिलेल्या असतील, तर उत्पादक सुटला. माझ्या भावाच्या ओट्यावरचा तो कागद आता पुन्हा डोळ्यांपुढे आणा. सूचना मालकाला दिली होती. पंप पाठीवर घेतलेला माणूस कायद्याच्या या वाक्यात कुठेच नाही. शहरातल्या मोठ्या कारखान्यात मालक म्हणजे सुरक्षा अधिकारी ठेवणारी कंपनी, तिला दिलेला इशारा कामगारापर्यंत पोचेल असं मानायला काही आधार तरी आहे. साडेतीन एकर कोरडवाहूच्या 'मालका'ला तोच न्याय लावला, तर ती थट्टा होते.

जाता जाता सीएसआरबद्दल. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, आणि आपल्याकडे 'कंपनीची सामाजिक जबाबदारी' म्हटलं की लोकांना तेच आठवतं: शाळेला संगणक, गावाला पाण्याची टाकी, टाकीवर कंपनीचं नाव. नियमांनुसार कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेलं काम यात धरता येत नाही. हेतू बरोबरच आहे, नाहीतर धंद्याचा खर्चच दानधर्म म्हणून दाखवला गेला असता. पण परिणाम असा झाला की 'जबाबदारी' हा शब्द कंपनीच्या मुख्य उद्योगापासून तुटला आणि फलकांवर जाऊन बसला. बाटलीतल्या विषाचं काय, हा प्रश्न टाकीच्या उद्घाटनाला कोणी विचारत नाही.

या सगळ्यावर येणारे आक्षेप मी गावातच ऐकलेले आहेत, आणि ते पोकळ नाहीत. चुलतभाऊच म्हणतो, "औषध बंद केलं तं बोंडअळी तुमच्या लेखानं मरणार हाय का?" युरोपात परवानगी नाही म्हणजे वस्तू आपोआप वाईट, हा युक्तिवादही कच्चा आहे, तिथलं हवामान वेगळं, पिकं वेगळी, आणि कधी कधी बाजार छोटा म्हणून कंपनी परवानगीच्या खर्चात पडत नाही. (ग्रीस आणि स्पेनमध्ये कापूस होतो, हे मात्र लक्षात असू द्यावं.) तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. आपण आता फक्त सोसणारे राहिलेलो नाही. भारत हा कीटकनाशकांचा मोठा निर्यातदार आहे, मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपन्या आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत माल विकतात. भारतातल्या शेतावर लागू होणारा कडक नियम उद्या आपल्या कंपन्यांना केनियात लावला गेला, तर?

तर लावला जावा, असंच माझं उत्तर आहे. २०१४ च्या जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी बंधनकारक करार करण्याचा ठराव आला तेव्हा भारताने बाजूने मत दिलं, आणि अमेरिका, युरोपीय देश विरोधात होते. त्याआधी २०११ मध्ये विशेष प्रतिनिधी जॉन रग्गी यांच्या पुढाकाराने आलेली, कंपन्या आणि मानवी हक्कांविषयीची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्यांनी एकमताने उचलली होती, कारण ती कुणाला बांधत नव्हती. कराराच्या वाटाघाटी दरवर्षी होतात आणि दरवर्षी लांबतात. भारताने तिथे नुसतं मत न देता मसुद्यात एक ओळ घालायचा हट्ट धरावा: उत्पादनाचा संभाव्य वापर म्हणजे प्रत्यक्षात वापरणाऱ्या माणसाचा, त्याच्या हवामानातला आणि त्याच्या मजुरीच्या परिस्थितीतला वापर. ही ओळ आपल्या कंपन्यांनाही लागेल हे गृहीत धरून.

घरात करायची कामं याहून सोपी आहेत. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याची जागा घेणारं विधेयक २००८ मध्ये एकदा आणि २०२० मध्ये पुन्हा संसदेत आलं. त्यात, किंवा त्याच्या जागी जे येईल त्यात, संहितेचं कलम ३.६ नोंदणीची अट म्हणून लिहिता येईल. औषधाची परवानगी मागणाऱ्या कंपनीने सुरक्षिततेची चाचणी सप्टेंबरच्या दुपारी, पुरुषभर उंचीच्या पऱ्हाटीत, पाठीवरच्या बॅटरी पंपाने, दुपट्टा बांधलेल्या माणसाच्या परिस्थितीत काय होतं हे मोजून दाखवावी. मोजणं हातमोजे घातलेल्या तंत्रज्ञावर नको. चाचणीत औषध टिकलं तर विकावं. नाही टिकलं, तर कंपनीने हातमोजे नकोत असं औषध शोधावं. संशोधनाला पैसा आहे हे प्रत्येक वार्षिक अहवालात ती अभिमानाने सांगतेच.

विषबाधा झाल्यावर दोन लाख सरकारी तिजोरीतून जातात, म्हणजे ते यवतमाळच्याच नाही तर तुमच्या-माझ्या करातून जातात. त्याऐवजी विकल्या गेलेल्या प्रत्येक लिटरमागे उत्पादकाकडून निधी जमा करावा, मेहता निकालाप्रमाणे उलाढालीच्या प्रमाणात, आणि कुणाच्या बाटलीने नेमकं काय केलं याचा वाद कंपन्यांनी नंतर आपसात मिटवावा. मजुराच्या बायकोने तो सोडवत बसू नये.

आणि कलम ८७ मधली ती एक ओळ. शेतीच्या औषधांपुरती ती काढायला संसदेला एक छोटी दुरुस्ती पुरेल. गेल्या हंगामात त्या मजुराने भावाच्या शेतात किती पंप मारले ते भावाच्या वहीत आहे, पंपामागे किती पैसे दिले तेही आहे. वहीत त्याचं नाव आहे. कायद्यात ते यायला हवं.